साडेपाच तास मागे

दसरा झाला की मी पोशीरच्या मशीनमध्ये एकदा डोकावून येते. त्यासाठी पोशीरला, माहेरी, जावं लागत नाही. मोहोपाड्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये ओट्यावर लॅपटॉप उघडायचा, शेजारी कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत वर्षाची साफसफाई उरकायची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात. पासवर्ड टाकला की आधी एक ओळ उमटते, मागच्या वेळी तुम्ही अमुक वारी अमुक वाजता आला होतात. बहुतेक ती बरोबर वर्षापूर्वीची असते. यंत्राला त्यात टोमणा मारायचा नसतो. तरी माहेरच्या दारात कुणी 'आलीस का एकदाची' म्हणावं तसं मला होतं, आणि मी पटकन पुढची कमांड टाकते.

मी इथल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. म्हणजे ते चालू असतात तोवर माझी कुणाला गरज नसते. मोहोपाड्याला ऋतू तसे कळत नाहीत. कारखान्यांचा वास बारा महिने सारखाच, फक्त पावसाळ्यात तो ओला असतो. पण या दिवसांत गावाकडची एसटी धरली आणि चौक गाव मागे पडलं की खिडकीतून पिकलेल्या भाताचा वास येतो. जरा गोड, जरा धुळीचा, घशाशी खवखवणारा. नेरळच्या अलीकडे माथेरानचा डोंगर दिसायला लागतो, त्यावर ढग आहेत की नाहीत ते मी बघते. ही सवय मला लहानपणापासून नाही. सहा वर्षांपूर्वीच्या कापणीपासून आहे.

आमच्याकडे भात कापून लगेच उचलत नाहीत. दोन-तीन दिवस शेतातच आडवं पसरून वाळू देतात, त्याला कडपे म्हणतात. कडपे वाळले की भारे बांधायचे आणि खळ्यावर न्यायचे. हे बांधणं मात्र पहाटेच, दव असताना. उन्हं चढली की दाणा हात लागताच झडतो, आणि ज्या पेंढ्याच्या बंदानं भारा आवळायचा तो कडकडीत होऊन तुटतो. काम दीड-दोन तासांचं, पण एका घराला उरकणारं नव्हे. म्हणून सावड. आज वीस-बावीस माणसं एकाच्या शेतात, उद्या तीच माणसं दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. ज्याचं शेत त्याच्या घरचा चहा, आणि पहिला कप ज्यानं पाळी लावली त्याला. हा नियम कुणी घातला ते मला माहीत नाही. तो मोडलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पाळी लावत नाना. नाना म्हणजे माझे चुलते, वडलांचे थोरले भाऊ. तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. संध्याकाळी ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बांधाबांधानं फिरत, एखाद्या कडप्यातला दाणा काढून दाताखाली धरत. कट्‌ असा आवाज आला तर उद्या. दाणा नुसता दबला तर अजून एक ऊन. हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात आधी, गरवं म्हणजे उशिराचं मागून, खोलगट शेतातलं त्याच्याही मागून, घरात आजारी माणूस असेल तर त्याचं मधे. हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. रात्रीच्या जेवणाआधी ज्याची पाळी त्याच्या अंगणात जाऊन 'उद्या तुजं रं' एवढंच म्हणत आणि परत फिरत.

मग कुजबुज सुरू झाली. नानांच्या भावकीचं भात दरवर्षी आधीच कसं पिकतं, असं कुणीतरी खळ्यावर म्हणालं. म्हणणारा हसत म्हणाला आणि ऐकणारेही हसले. नाना हसले नाहीत. पुढच्या रविवारी मी पोशीरला गेले तर ते ओटीवर माझी वाट बघत बसले होते.

"वैशू, ते पाळीचं तुज्या कॉम्प्युटरात घालता येईल का गं?"

"येईल की. पण कशाला? तुमची पाळी कुठं चुकते?"

"चुकत नाय गं. पण मी सांगितली की ती माजी व्हते. भिंतीवर लिवलेली असली की ती कुणाचीच नसते. सगळ्यांना दिसंल, एकच असंल, अशी कर. माजं नाव त्यातून सुटू दे."

नानांना त्या कापणीत एवढंच हवं होतं, आपलं नाव सुटलेलं.

फोनवरच्या ग्रुपचा प्रयोग आधी होऊन गेला होता. एकानं यादी टाकली, दुसऱ्यानं ती पुढे ढकलली, तिसऱ्यानं ढकलताना आपलं नाव वर घेतलं, आणि संध्याकाळी गावात चार याद्या झाल्या. म्हणून मी ठरवलं, एक पान करायचं. गावातल्या गावात, आपल्याच मशीनवर. भाड्यानं जागा मिळते हे मला माहीत होतं, पण नानांना ती यादी कुठंतरी दुसऱ्याच्या घरी ठेवायची नव्हती. कंपनीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी रीतसर मागून घेतला. मॉनिटर कुंभिवलीला हायवेवरच्या भंगारवाल्याकडे मिळाला, कडेला थोडा जळालेला. हे सगळं शेतकरी गटाच्या गोदामात, खताच्या गोण्या आणि फवारणीचे पंप यांच्या मधे एका टेबलावर मांडलं.

ते दिवस मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतात. गोदामाच्या पत्र्यावर चिंचेची फांदी घासायची. हवेत भाताची कुसं उडत आणि ती मशीनच्या पंख्यात जात. मशीनवर लिनक्स ही प्रणाली चढवताना पडद्यावर ओळी भरभर वर सरकत होत्या आणि नाना खुर्ची ओढून त्याकडे एकटक बघत होते.

"यात चित्र नाय का गं?"

"नाय. लागत पण नाय."

"बरं हाय. चित्रं आली की सगळी बघायला येतील."

पान फ्रेमवर्कवर बांधते म्हटल्यावर, ते म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मांडव घालताना दर वेळी खांब कुठं आणि वासे कुठं हे ठरवायला बसत नाही ना आपण, सांगाडा ठरलेला असतो. हेही तसंच. दार, खिडक्या, नाव लिहायची वही हे सगळं आधीच तयार, आपण फक्त आपलं छप्पर घालायचं. मग मी त्या पानासाठी मशीनमध्ये एक वेगळा वापरकर्ता केला, कमी अधिकारांचा, म्हणजे पान बिघडलं तरी बाकी मशीनला धक्का नाही. हे मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"राखणीला ठेवलेल्याला घराची किल्ली कशाला," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

पहिल्या दिवशी पान दिसलं. गावात ज्याच्या त्याच्या फोनवर मोठ्या अक्षरांत नाव आलं. मी लॅपटॉप मिटला आणि साडेचारच्या एसटीनं निघाले. कर्जत यायच्या आत नानांचा फोन आला.

"तू गेलीस आन ते पण गेलं की गं."

मी ते लॅपटॉपवरच्या माझ्या खिडकीतून हातानं सुरू केलं होतं, खिडकी मिटताच तेही मिटलं. हे शिकाऊ पोरं करतात ते मी पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर केलं होतं. पुढच्या रविवारी जाऊन ते आपोआप सुरू राहील अशी व्यवस्था लावली, आणि मला लांबून मशीनमध्ये शिरता येईल अशी वाटही केली. लाईट गेली तरी परत आल्यावर स्वतःहून उठेल, कुणाला जागं करावं लागणार नाही. पोशीरला लाईट दिवसातून तीनदा जाते, त्यामुळे याची परीक्षा लगेच झाली. नानांनी स्वतः बटण बंद करून, पुन्हा चालू करून, पान उठतं का ते बघितलं. उठलं. त्या दिवशी ते खूश होते, आणि मीही होते.

पानावर काय दिसावं याबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. फक्त आजचं नाव. उद्याचं नको, कारण उद्याचं आज कळलं की रात्रभर भांडायला वेळ मिळतो. ज्याचं शेत त्याला आदल्या संध्याकाळी ते सांगणारच होते, चहा-दुधाची तयारी म्हणून. बाकीच्यांनी पहाटे फोन बघायचा आणि निघायचं. मी तसं केलं. 'आजची पाळी' आणि खाली नाव, आणि नावाखाली ते का आलं याचं कारण, हळवं, अमक्या वारी कापलं. तारीख घातली नाही. आज म्हटल्यावर तारीख कशाला, असं मला वाटलं.

आठवडाभर सगळं नीट चाललं. नाना दाणा चावून मला फोन करत, मी मशीनमध्ये न शिरता पानावरूनच पुढल्या दोन-तीन दिवसांची नावं भरत असे. कुजबुज थांबली. मशीननं लावलंय म्हटल्यावर माणसं गप्प बसतात, हे मी नोकरीतही पाहिलं आहे. मशीनला नाव भरून देणारं माणूस असतं हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

त्याच आठवड्यात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. मी त्यांना मोहोपाड्याला घेऊन आले. ऑपरेशनच्या दिवशी गावात पाळी त्यांच्याच शेताची होती, आणि ते शेत मोठं, वीस माणसांनाही एका पहाटेत न संपणारं. दोन खाचरं राहिली. राहिली तर राहिली, नाना म्हणाले, ती शेवटी बघू, उद्या सखूची पाळी हाय. संध्याकाळी डोळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्यांनी सखू मावशीला फोन लावायला सांगितला आणि म्हणाले, उद्या तुजं गं.

सखू मावशी नात्यानं आमची कुणी नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. मुलगे नोकरीला बाहेर, घरात ती आणि सून सुवर्णा. तिचं शेत नदीकडच्या टोकाला, गावापासून वीस मिनिटांवर. त्या वर्षी तिनं एकाच वेळी सगळं कापलं होतं आणि ते सगळं कडप्यात आडवं पडलेलं होतं.

पुढचं मला इतरांकडून कळलं, कारण त्या पहाटे मी आणि नाना मोहोपाड्याला गाढ झोपलो होतो. माथेरानवर आदल्या संध्याकाळपासून ढग धरले होते. पाऊस यायच्या आत उरकावं म्हणून सगळी सावड नेहमीपेक्षा लवकर उठली. रोज सहाच्या सुमारास निघणारी माणसं त्या दिवशी पाच वाजताच अंगणात उभी होती. त्यांनी फोन उघडले. आजची पाळी, नाना. कुणाला शंका आली नाही. दोन खाचरं राहिलीच होती, ती आज पुरी करायची असतील. बावीस माणसं नानांच्या शेतात गेली आणि अंधारात भारे बांधायला लागली.

तिकडे नदीच्या टोकाला सखू मावशी वीस माणसांचा चहा घेऊन बसली होती. झुंजुमुंजू झालं तरी कुणी येईना, तेव्हा सुवर्णाला कडप्यांपाशी ठेवून ती चालत गावात आली. वाटेत नानांचं शेत लागतं. तिनं बांधावर उभं राहून बघितलं. सगळी माणसं तिथं होती, वाकलेली. तिनं हाक मारली नाही, असं सांगतात. हाक मारून उपयोगही नव्हता, दव उडायला आलं होतं. ती परत फिरली. दोघींनी मिळून अकरा भारे बांधले. दुपारी दोनला पाऊस आला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबला नाही.

भिजलेल्या भाताला चौथ्या दिवशी कोंब येतात. बघायला ते छान दिसतात, हिरवे, टोकदार. त्या वर्षी सखू मावशीनं दुकानातला तांदूळ आणला. ज्या घरात स्वतःच्या भाताची कणगी असते त्या घरात पिशवीतला तांदूळ येणं ही काय गोष्ट आहे, हे शहरात सांगून कळत नाही. सुवर्णा पिशवी पदराखाली झाकून आणायची.

पाऊस पडत असतानाच गावाहून फोन आला होता, आणि मी त्याच दुपारी कंपनीतून मशीनमध्ये शिरले. मशीनचं घड्याळ बघितलं, बरोबर होतं. मग पानाची नोंद बघितली. कुणी किती वाजता उघडलं आणि त्याला काय दाखवलं. पाच वाजून चार मिनिटं, नाना. पाच वाजून अकरा मिनिटं, नाना. पाच एकतीसला घरी राहिलेल्या कुणीतरी उघडलं होतं, त्याला सखू मावशी दिसली होती. पण तोवर सावड नानांच्या शेतात पोचली होती, आणि हातात भारा असताना पुन्हा कोण बघतो. मला समजायला अर्धं मिनिट लागलं. फ्रेमवर्कला त्याचं स्वतःचं एक घड्याळ असतं. आपण काही सांगितलं नाही तर ते जगाच्या वेळेवर चालतं, आणि ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे पाच, तर त्याच्या लेखी अजून कालची रात्र. त्याची तारीख आपल्या साडेपाचला बदलते. उजाडल्यावर फोन बघणाऱ्याला ही चूक कधी दिसलीच नसती. ती दिसायला दवाच्या आधी उठणारी माणसं लागतात. मी त्या माणसांतली आहे, त्या पहाटांना भारे बांधून मोठी झाले आहे, आणि ती एक ओळ बदलायची माझी राहिली होती.

ओळ बदलायला दहा सेकंद लागले. त्याच्या वर मी आणखी एक ओळ लिहिली. प्रोग्राममध्ये अशी सोय असते. सुरुवातीला एक खूण घातली की पुढचं यंत्र वाचत नाही, ते माणसांसाठी असतं, पुढे कधी कुणी उघडलं तर समजावं म्हणून. मी लिहिलं, 'हे आधी लावलं नव्हतं. त्यामुळे सखू मावशीचं भात भिजलं. चूक माझी, नानांची नाही. वैशाली.' ती फाईल माझ्याखेरीज कुणी उघडत नाही.

संध्याकाळी नानांना सांगितलं. ते पट्टी बांधलेला डोळा सांभाळत भिंतीला टेकून बसले होते.

"म्हंजे मशीन चुकलं?"

"मशीन नाय. मी चुकले."

त्यांनी चाचपून तंबाखूची डबी काढली. मग म्हणाले, "मंग गप ऱ्हा. कुणाला बोलू नको."

"का? लोक तुम्हाला म्हणतील."

"मला म्हणतातच. आणखी येकदा म्हणतील. पण यादीवरचा इस्वास गेला तर पुन्ना चार याद्या, आन पुन्ना तेच माज्या गळ्यात. ती ऱ्हाऊ दे."

मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. नाना माझ्यासमोर त्यांची एकुलती एक मागणी सोडून देत होते, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

गावात बैठक झाली. नाना काळा चष्मा लावून बसले. कुणी विचारायच्या आत म्हणाले, नाव मी भरायला सांगितलं व्हतं, चूक माजी. एवढंच. सखू मावशी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "चूक न्हवं ती. दोन खाचरं व्हती तुमची," आणि निघून गेली. मी तिथं होते. माझ्या डाव्या हाताला खांब होता, तो धरून मी उभी होते.

त्यानंतर दर वर्षी सखू मावशीच्या पाळीला मी रजा टाकून जाते. भारे बांधायची माझी सवय गेली आहे, बंद नीट बसत नाही, बायका हसतात. चहाच्या वेळी मावशी किटली घेऊन येते आणि पहिला कप मला देते. पाळी आता मशीन लावतं आणि मशीन वैशूचं, म्हणून. बाकी सगळ्या शेतांत पहिला कप अजून नानांनाच मिळतो. मावशीच्या शेतात त्यांचा कप सगळ्यांच्या शेवटी, तोही सुवर्णाच्या हातून. ते चहा संपवत, कप विसळून ठेवत आणि पुढचा भारा धरत. मी माझ्या कपात बघत असे.

एकदा, दोन वर्षांपूर्वी, मी मावशीला सांगितलं. बांधावर दोघीच होतो. घड्याळाचं, साडेपाच तासांचं, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगली हायेस गं तू," ती म्हणाली. "चुलत्याला राखतेस. राखावं. पन मला नको सांगू."

मी पुन्हा सांगितलं. ती उठून कामाला लागली. चार वर्षांनी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला कुणी खरं म्हणत नाही, तिला नातं म्हणतात. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझ्या मनाची समजूतही घातली होती, की आपण सांगून पाहिलं.

यंदा नाना ऐंशीचे झाले. गुडघे गेले आहेत, पण कापणीला ते एखाद्याच्या मागे स्कूटीवर बसून बांधापर्यंत जातात, दाणा चावतात, मला फोन करतात. दसऱ्यानंतर असाच फोन आला. नावं सांगून झाली. मग म्हणाले, "सखूचं गुरवारी घाल. मी काय तिकडं येत नाय."

"का? गुडघा दुखतोय?"

"गुडगा सगळीकडंच दुखतो. बाकी शेतांवर येईन. तिथं नको आता."

त्यांनी फोन ठेवला. सहा वर्षांत त्यांनी याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि आता काढलं ते एवढंच. मी कुकर लावला आणि लॅपटॉप उघडला. मागच्या लॉगिनची ओळ आली. मशीनची वर्षाची कामं केली, जुन्या नोंदी पुसल्या, मग ती फाईल उघडली आणि माझी ओळ वाचली. यंत्रानं वाचू नये म्हणून घातलेली खूण तिच्यापुढे जागच्या जागी होती. सहा वर्षांत ती यंत्रानंही वाचली नव्हती आणि माणसांनीही.

मला वाटलं, तोंडानं सांगितलेलं या गावात खरं होत नाही, कारण मी नानांची पुतणी आहे. पण यादीत आलेलं खरं असतं. तो विश्वास नानांनी स्वतःचं नाव देऊन टिकवला होता. मग खरं सांगायला तीच जागा आहे. त्यामुळे विश्वास उडाला तर उडाला. नानांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मी पुन्हा ऐकलं असतं. शिट्टी झाली तेव्हा मी गुरुवारचं पान भरत होते.

बुधवारी संध्याकाळी मी पोशीरला गेले. गुरुवारी पाचला सावडीतल्या सगळ्यांनी अंगणाअंगणांत फोन उघडले. 'आजची पाळी, सखू मावशी.' खाली हळवं की गरवं या जागी लिहिलं होतं, 'सहा वर्षांपूर्वी मावशीच्या पाळीला यादीनं नानांचं नाव दाखवलं, कारण पानाचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. ते मी लावायला विसरले होते. नानांना हे माहीत होतं. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली. वैशाली.'

शेतात पोचले तेव्हा माणसं वाकून कामाला लागली होती. अंधार होता, दवानं पाय भिजले. मग पलीकडून एकजण म्हणाला, "म्हंजे यादी चुकते तर!"

"एकदा चुकली," मी म्हटलं.

"आन नाना नाय चुकला."

"नाय."

"मंग तसं लिवायला सहा वर्सं?" तो म्हणाला. उत्तराची वाट न बघता तो पुढच्या कडप्याकडे वळला.

मावशीला वाचता येत नाही. सुवर्णा तिच्याजवळ फोन धरून उभी होती, हळू आवाजात वाचत होती. एकदा वाचून झालं, मावशीनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिनं सुवर्णाला काहीतरी सांगितलं. सुवर्णानं स्कूटी काढली आणि ती गावाकडे गेली. मावशी माझ्या शेजारच्या कडप्याशी येऊन बसली. तिनं बंद ओढला, गुडघ्यानं भारा दाबला, गाठ मारली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाच वर्सं माज्या हातचा पयला चहा प्यालीस तू."

मी हो म्हटलं.

चहाची वेळ झाली. किटली बांधावर झाकून ठेवलेली होती आणि मावशी ती उघडेना. माणसं घाम पुसत उभी राहिली. कुणी मागितला नाही. उजाडायला लागलं होतं तेव्हा स्कूटी आली. मागे नाना, कानाला मफलर गुंडाळून, चेहरा त्रासलेला. उतरताना त्यांनी मला शोधलं.

"तुला लिवायला कुणी सांगितलं व्हतं गं?"

मावशी पुढे झाली. तिनं किटली उघडली, कप भरला, पदरानं त्याची कड पुसली आणि स्वतःच्या हातानं नानांपुढे धरला.

"घ्या नाना. साखर कमी घातलीय."

नानांनी कप दोन्ही हातांत घेतला. थोडा वेळ नुसता धरून ठेवला. मग प्यायला लागले, तेव्हा थोडा चहा मफलरवर सांडला. मावशीनं तो बघितला नाही असं दाखवलं आणि पुढचा कप भरला.

चहा सगळ्यांना फिरला. माझा कप शेवटी आला, सुवर्णाच्या हातून. तो गार झाला होता, वर साय धरली होती. मी बांधावर बसून तो सगळा प्यायले, विसळून ठेवला आणि पुढचा भारा धरला.